भाल्याच्या बाजूने

आज सकाळी पाणवठ्यावर बायकांनी मला पुढे जाऊ दिलं. यात सांगण्यासारखं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण आमच्या गावच्या पाणवठ्यावर रांग सोडणं म्हणजे काय, ते इथं घडा घेऊन उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. दगडी सिंहाच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडते आणि तिच्याखाली घडा आधी कुणी लावायचा यावरून सख्ख्या जावा वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. मी स्वतः याच जागी मासेवाल्या दोरिखाच्या झिंज्या धरल्या आहेत आणि तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आहे. तीच दोरिखा आज आपला अर्धा भरलेला घडा बाजूला ओढून म्हणाली, "ये गं बाई मिर्टाले. तू भर आधी." मी म्हटलं, "भर की तुझा. मला कसली घाई?" "नाही गं, तुला घरी कामं असतील," असं म्हणून तिने माझ्या घड्याला खालून हातही लावला. बाकीच्या बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. मला वाटलं, हिने मला एक सणसणीत शिवी हासडावी, म्हणजे मी उलट चार देईन आणि सगळं पहिल्यासारखं होईल. पण कुठलं काय! घडा भरला, डोक्यावर चढवला, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. रांगेत ताटकळावं लागलं नाही, म्हणून बरं वाटतंय. तेव्हा अशी लाज वाटली की काय सांगू. आणि डोक्यावर भरला घडा, त्यामुळे मानही खाली घालता येईना.

माझ्या भावाला, ल्यूकोनला, माझ्या नवऱ्याने मारलं. असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते. म्हणायचं ते असं की देवांनी मारलं. रानडुकराने जवाची शेतं नासवली म्हणून पुरुष डोंगरावर गेले, भर दुपारी धुकं उतरलं, आणि मेनेस्तोरने डुकरावर फेकलेला भाला ल्यूकोनला लागला. मेनेस्तोर म्हणजे कोण, हे या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. खाडीच्या तोंडाशी गलबतं बुडवणारा समुद्रातला बैल त्याने मारला तेव्हापासून कुंभार त्याला माठांवर काढतात. तेलाच्या माठावर नाक जरा मोठं येतं, बाकी ठीक. तो आमच्या शेजारचाच, ल्यूकोनचा जिवलग, लहानपणापासून मी त्याला अरे-तुरे करत आले. लग्न झाल्यावर आई म्हणाली, "आता तरी नवऱ्याला मान देऊन बोलत जा, लोक हसतील." मला ते कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर सगळा गाव ज्याच्याशी वाकून बोलतो त्याला आपण 'अरे' म्हणावं यातच मला गंमत वाटायची.

चितेची राख गरम होती तेव्हाच प्राक्सिआस पुजारी आमच्या घरी आला. त्याने बोकडाचं काळीज उलटंपालटं करून पाहिलं, डोळे मिटले, आणि मग सगळी हकीकत आपल्या शेजारघरी घडल्यासारखी सांगितली. तो समुद्रातला बैल पोसायडनचा लाडका होता. त्याच्या मनात हे सलत होतं. पण मेनेस्तोर काही पुन्हा समुद्राकडे फिरकेना. मग पोसायडनने आर्टेमिसला, म्हणजे आपल्या पुतणीला, हाताशी धरलं. समुद्र काकाचा, रान पुतणीचं. तिने धुकं पाडलं, तिने झुडपातून डुकराचा घुरघुराट काढला. माणसाचा हात आपला निमित्ताला. "मारायचं त्यांना मेनेस्तोरला नव्हतंच," पुजारी म्हणाला. "मारून काय मजा? त्याला जिवंत ठेवून त्याच्याच हाताने त्याचं माणूस घ्यायचं होतं."  मग आई पदराने नाक पुसत म्हणाली, "देवाघरीसुद्धा भाऊबंदकी सुटत नाही बघा. आणि भरायचं कोणी, तर आम्ही."

यात खोटं काही नव्हतं, हे मी आधीच सांगते. स्वच्छ उन्हातून उतरलेलं ते धुकं बरोबरच्या सगळ्या पुरुषांनी पाहिलं होतं. कुत्री शेपट्या पायांत घालून आडवी पडली होती. घुरघुराट सगळ्यांनी ऐकला होता. देव इतके क्षुद्र कसे, असं मला क्षणभर वाटलं, आणि लगेच दुसरं काहीतरी वाटलं, त्याचीच मला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे नवऱ्याचा तिरस्कार करायला नको. म्हणजे माहेर आणि सासर यांच्यात उभी चिरली जायला नको. भाऊ गेला, पण घर राहिलं, चूल राहिली, तो राहिला. काका-पुतणीला शिव्या देऊन रडायची सोय झाली. त्या दिवशी मला झोप लागली. भावाची राख निवली नव्हती, आणि मला गाढ झोप लागली.

त्याला मात्र लागली नसावी. आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या हातून माणूस मरतं त्याला घरात वेगळं बसवायचं. त्याचा चौरंग वेगळा, पेला वेगळा, त्याच्याशी कुणी शब्द बोलायचा नाही, त्यानेही बोलायचं नाही, डुकराच्या पिल्लाच्या रक्ताने त्याचे हात धुतले जाईपर्यंत. पण पुजाऱ्याने सांगितलं, "याला काही नको. हात देवाचा, विटाळ भाल्याचा. भाल्याचा निवाडा केला की संपलं." म्हणून मेनेस्तोर आमच्याबरोबर चुलीपाशीच बसत होता. लेक गेल्यापासून आई आमच्याकडेच राहायला आलेली. ती स्वतः त्याला वाढायची. "खा रे बाबा. तुझा काय दोष? खा." तो भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा आणि चावत राहायचा. आमची जेवणं उरकली तरी त्याचं चावणं चालूच. मग तोंडात घास तसाच धरून उठायचा, अंगणात जायचा, आणि परत यायचा तेव्हा तोंड रिकामं असायचं. अंगणातलं कुत्रं लठ्ठ झालं आणि त्याची गालफडं बसली. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. दुःखी माणूस बघत नाही, असं मी मनाला समजावत होते. समजूत घालायला मन फार हुशार असतं माझं.

भाल्याचा निवाडा आज होता. जीव घेणारी वस्तू असली तरी तिला जाब विचारायचा, ही आमच्या गावची जुनी पद्धत. मी लहान असताना विणकराच्या डोक्यात कौल पडून तो मेला, तेव्हा पंच धुतलेले कपडे घालून त्या कौलासमोर बसले होते. कौलाला दोषी ठरवून वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन फेकलं. मी आणि ल्यूकोन त्या मिरवणुकीमागे धावत होतो. मी हसून हसून लोळत होते, आणि हा आपला गंभीर. मला म्हणाला, "ताई, त्या कौलाला सांगायचं असेल काहीतरी. कुणी विचारलंच नाही त्याला." विचारतात खरं म्हणजे. दवंडीवाला तीनदा विचारतो, याच्या बाजूने कोणी बोलणार आहे का? पण ती नुसती बोलायची पद्धत. कौलाच्या बाजूने कोण बोलणार?

ल्यूकोनचं हे असंच होतं, दुसऱ्याच्या बाजूने विचार करायचं. शिकारीच्या दिवशी सकाळीही तो उशिरा आला. मेनेस्तोर कुत्री घेऊन पहाटेच वरच्या वाटेने गेला होता. ल्यूकोनला ओढ्याच्या अंगाने जाऊन डुक्कर वर हाकलायचं होतं. मी मागावर विणत बसले होते. हा दारात एका पायावर उभा, डाव्या पायातली वहाण हातात. "ताई, अंगठा तुटला. दे ना काहीतरी बांधून." मी म्हटलं, "चांभार मेला का गावातला?" "चांभारसुद्धा शिकारीला गेलाय गं." मागावर लाल लोकर चढवलेली होती. तिचाच पीळ काढला, जाड सुई घेतली, अंगठा शिवून दिला. काळ्या चामड्यावर तो लाल टाका असा काही चमकत होता की तो कुरकुरला, "हे बायकी दिसतंय." मी म्हटलं, "डुकराला काय कळतंय बायकी नि पुरुषी? पळ." तो पळाला. भाला लागल्यावर तो झुडपातून थेट घळीत घरंगळला, ओढ्यात. खालच्या माणसांनी बाहेर काढला तेव्हा डावा पाय अनवाणी होता. वहाण पाण्याने नेली. त्याला आंघोळ घालताना मी तो पाय किती वेळ धरून बसले होते. मनात एकच येत होतं, आपला टाका कच्चा पडला. दुसऱ्या कुणाला मी वहाणेचं बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

चौकात सगळा गाव लोटला होता. आम्ही बायका चिनाराच्या सावलीत. आईने माझा हात घट्ट धरला होता. दगडी ओट्यावर भाला आडवा ठेवला होता, माझ्या ओळखीचा, मुठीच्या जागी लाकूड घासून गुळगुळीत झालेला. आमच्या लग्नात बायकांनी या भाल्यावर गाणं रचलं होतं, उगारला की खाली येत नाही, अशा अर्थाचं, चावट. बायका फिदीफिदी हसत होत्या आणि मी मान खाली घालून मनातून फुगले होते. ती चावट गोष्ट सोडा, पण ते खरंच होतं. मेनेस्तोरने उगारलेला हात कधी परत खाली आला नाही. गावाला त्याचा अभिमान, त्याला त्याचा अभिमान, आणि मला तर विचारूच नका.

"या भाल्याच्या बाजूने कोणी बोलणार आहे?" दवंडीवाल्याने विचारलं. कुणीतरी खोकलं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा नेमकं एक गाढव ओरडलं आणि मागची पोरं हसली. "गप्प बसा रे मेल्यांनो!" दोरिखा त्यांच्यावर खेकसली. तिसऱ्यांदा विचारलं, आणि मेनेस्तोर पंचांच्या शेजारून उठून भाल्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मी बोलतो," तो म्हणाला. "भाल्याच्या बाजूने."

लोकांना वाटलं, हाही काही विधीचा भाग असेल.

"धुकं होतं," तो म्हणाला. "घुरघुराट होता. पुजारीबुवांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. पण मी हात उगारला आणि धुकं फाटलं. तेवढ्यापुरतंच फाटलं. झुडपाखाली मला पाय दिसला. माणसाचा. डावा. वहाणेचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला होता. मी तो दोरा नीट पाहिला. मग मी भाला फेकला."

गाढवसुद्धा गप्प झालं. सगळ्यांत म्हातारा पंच पुढे वाकून म्हणाला, "पाहिलंस, तर थांबला का नाहीस, पोरा?"

मेनेस्तोरने बराच वेळ विचार केला. खोटं बोलायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता. "सगळे बघत होते," तो म्हणाला. "उगारलेला भाला मी कधी खाली घेतला नव्हता. कसा घेतात ते मला माहीत नाही."

 मी चिनाराला टेकले. डोळ्यांपुढे काळ्या चामड्यावरचा तो लाल टाका. ल्यूकोन सकाळी माझ्याकडे आला तेव्हा हा डोंगरावर होता. दोघांची त्या दिवशी गाठच पडली नाही. वहाण ओढ्याने नेली. तो टाका दिसायला एकच जागा होती, एकच वेळ होती. म्हणजे खरं होतं. आणि मग मला देवांची सगळी कारस्थानं एकदम कळली, पुजाऱ्यापेक्षा जास्त कळली. त्यांनी त्याचा हात धरला नव्हता. धरायची गरजच नव्हती. त्यांनी धुकं आणलं आणि ऐन वेळी मुद्दाम बाजूला केलं, कारण त्यांना त्याचा स्वभाव माहीत होता. आमचा सगळ्यांचाच माहीत होता. ज्या गोष्टीवर मी लग्नात फुगले होते, तिच्याच बळावर त्या काका-पुतणीने माझा भाऊ नेला.

तेवढ्यात प्राक्सिआस पुजारी हात वर करून ओरडला, "पाहा! पाहा! अजून सोडलं नाही आर्टेमिसने त्याला! माणूस स्वतःहून असं बोलेल का? तीच बोलतेय त्याच्या तोंडून!" आणि गावाचा अडकलेला श्वास सुटला. "आई गं!" बायका म्हणाल्या. कुणी त्याच्या अंगावर जवाचे दाणे टाकले, कुणी पाणी शिंपडलं. दोरिखा ऊर बडवत होती, "काय छळ मांडलाय गं बाई त्या बिचाऱ्याचा!" तो सगळ्यांकडे बघत ओरडला, "मी बोलतोय. मी!" जितका ओरडला तितकं लोकांना जास्त वाईट वाटलं. म्हाताऱ्या पंचाचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्याने आमच्याकडे वळून विचारलं, "पोराच्या आई, वहाणेला लाल दोरा होता का?"

"छे हो," आई म्हणाली. "ट्रोइझेनच्या बाजारातून मीच आणल्या होत्या त्या वहाणा. काळ्या कुळकुळीत. लाल दोरा कुठला त्याला!" मग हळूच मला म्हणाली, "वेडा झालाय गं बिचारा. लेक गेला, आता जावईही चालला. तू जप त्याला, मिर्टाले."

पंचाची नजर माझ्यावरून गेली. गेली म्हणजे क्षणभर थांबून गेली. मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, होता, मी शिवला होता. जीभ टाळ्याला चिकटली, असंही नाही. तोंडात शब्द तयार होते. पण आईचा हात माझ्या हातात होता. मी बोलले असते तर तिथंच तिचा मुलगा दुसऱ्यांदा मेला असता, आणि माझा नवरा वेशीबाहेर गेला असता, कदाचित दगड खाऊन. असं मी आता म्हणते. तेव्हा मी इतकं काही योजलं नव्हतं. मला फक्त माझं घर हवं होतं. मी जमिनीकडे बघत राहिले, सकाळी त्या बायका बघत होत्या तशी. ज्याने खरं सांगितलं त्याच्या अंगावर लोक दाणे टाकत होते, आणि ते खरं आहे हे जिला ठाऊक, ती सावलीत उभी होती. भाल्याला दोषी ठरवलं. होडीत घालून खोल पाण्यात नेऊन सोडला. परत येताना मेनेस्तोरला दोघांनी दोन्हीकडून धरलं होतं, पडेल म्हणून.

दुपारी घरी आलो. आई दमून आत पडली आणि तिला डोळा लागला. मेनेस्तोर सवयीने चुलीपाशी येऊन बसला. हात मांडीवर, मान खाली. आता याचं काय करायचं? देवाने झपाटलेलं झाड म्हणून जन्मभर याला सांभाळायचं, घास चावून कुत्र्याला घालू द्यायचा, आणि गावाने हळहळायचं? मी भाकरी थापायला घेतली. पीठ मळताना हातांकडे लक्ष गेलं. याच हातांनी टाका घातला, याच हातांनी भावाचा अनवाणी पाय धरला, आणि चौकात हेच हात आईच्या हातात देऊन मी गप्प बसले. मी पीठ तसंच ठेवलं आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.

"तो दोरा माझा होता," मी म्हटलं. "मागावरचा. त्या सकाळी मी शिवून दिला."

त्याने मान वर केली. किती दिवसांनी त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं! मला वाटलं होतं, तो रडेल. तो नुसता बघत राहिला, दरवाजा ठोठावून थकलेल्या माणसाला आतून कुणीतरी 'कोण आहे' म्हणावं तसा. मग मी उठले. माडीवरून जुना चौरंग खाली आणला, धुळीचा, आजोबांच्या वेळचा. तो अंगणात, उंबऱ्याबाहेर मांडला. वेगळा पेला काढला, कान फुटलेला, जो पुन्हा कुणी ओठाला लावणार नाही असा. भाकरी ठेवली, मीठ लावलेले ऑलिव्ह ठेवले, शेळीचं चीज ठेवलं. त्याला हाक मारली नाही. रीत म्हणजे रीत. दोऱ्याचं बोलले तेवढंच शेवटचं. तो आपणहून उठला, उंबरा ओलांडला आणि चौरंगापाशी बसला. मी त्याच्याकडे पाठ करून दारात बसले.

आधी काही ऐकू आलं नाही. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग चावण्याचा. मग तो गिळल्याचा आवाज मला ऐकू आला, स्पष्ट. कुत्रं धावत आलं, वाट बघत बसलं, आणि त्याला काही मिळालं नाही. त्याने पहिली भाकरी संपवली आणि रिकामी थाळी हळूच माझ्या बाजूला सरकवली. मी मागे न बघता दुसरी तिच्यात टाकली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ल्यूकोनसाठी की याच्यासाठी ते मला ठरवता आलं नाही. मी स्वतः एक घास तोंडात घातला होता. तो काही केल्या खाली उतरेना.

एवढ्यात अंगणाचं दार लोटून दोरिखा आत आली. पदराखाली झाकून तळलेले मासे आणले होते तिने, बिचाऱ्याला चार घास गोड लागावेत म्हणून. तिने चौरंग पाहिला, फुटका पेला पाहिला, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगं कैदाशिणी!" ती म्हणाली. "देवांनी छळलेल्या माणसाला खुन्यासारखं वेगळं बसवतेस? लाज नाही वाटत?" मेनेस्तोर तोंडात घास घेऊन थांबला. त्याला बोलायची परवानगी नव्हती.

"वाटते," मी म्हटलं.

मग दोरिखाने मला जे नाही ते ऐकवलं, गल्लीला ऐकू जाईल असं. आई जागी झाली आणि आतूनच 'काय झालं गं, काय झालं' विचारू लागली. दोरिखा मासे तसेच घेऊन परत गेली. ती गेल्यावर तो पुन्हा जेवू लागला. उद्या पाणवठ्यावर मला कुणी पुढे जाऊ देणार नाही.